दिसलं, पण समजलं का?

"सर, पीपीटी मिळेल का?" लेक्चर संपता संपता मागच्या बाकांवरून हा प्रश्न आला नाही, असा दिवस अजून उगवायचा आहे. सरांनी फाईल पाठवली, की वर्गाच्या ग्रुपवर पटापट अंगठे उमटतात, फाईल फोनमध्ये उतरते आणि आपल्याला एकदम अभ्यास झाल्यासारखं वाटायला लागतं. मग पीएल लागते. हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये कुणाच्या तरी लॅपटॉपवर कुणीतरी यू-ट्यूबवाला दुप्पट वेगाने बोलत असतो आणि चार डोकी त्यावर वाकलेली असतात. "समजलं?" "हो रे, समजलं. पुढचं लाव."

हा लेख त्या 'समजलं' या शब्दाबद्दल आहे.

'मल्टिमीडिया' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर प्रोजेक्टर, स्पीकर आणि रंगीत ॲनिमेशन येतं. खरं म्हणजे त्याचा अर्थ अगदी साधा आहे. शब्द आणि चित्र यांची जोडी घालून शिकवणं. त्या अर्थाने एखादे सर बोलता बोलता फळ्यावर रंगीत खडूने आकृती काढतात, तेही मल्टिमीडियाच. आपल्या देशात याचे मोठे प्रयोगही फार पूर्वी झाले. १९७५-७६ मध्ये 'साईट' नावाच्या प्रयोगात उपग्रहावरून खेड्यापाड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. १९८४ साली यूजीसीचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. २० सप्टेंबर २००४ ला श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' गेला. तो खास शिक्षणासाठी सोडलेला आपला पहिला उपग्रह, त्याचं काम २०१० मध्ये संपलं. २००३ पासून सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून एनपीटीईएल सुरू केलं, आणि ज्या प्राध्यापकांच्या वर्गात बसायला जेईईची भिंत ओलांडावी लागते, त्यांचं लेक्चर तुमच्या-आमच्या खोलीत आलं.

म्हणजे साधनं नव्हती अशी तक्रार आता करता येणार नाही. एकेकाळी एका सीडीसाठी लायब्ररीत नंबर लावावा लागे. आज खिशातल्या फोनमध्ये जगभरचे वर्ग आहेत. तरीही ओरलला एक्स्टर्नलने "का?" असं विचारलं, की आपण छताकडे बघतो. असं का होतं, याचा विचार मी एका मोटरीमुळे करायला लागलो.

आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर आहे. लाईनचं काही काम झालं, डीपीवर कुणी तारा बदलल्या, की कधीकधी मोटर उलटी फिरायला लागते आणि पाणी जेमतेम येतं. मग वडील मेन स्विच पाडतात, स्टार्टरचं झाकण उघडतात आणि तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करतात. मोटर सुलट फिरते. "कुठल्या दोन?" असं मी शाळेत असताना विचारलं होतं. "कुठल्याबी दोन," असं उत्तर आलं. "पण का?" त्यावर ते म्हणाले, "ते तू शिकून आल्यावर मला सांग." गावाकडचा प्रत्येक पंपवाला शेतकरी हे काम करू शकतो. त्यामागचं कारण शिकायलाच तर मी इलेक्ट्रिकलला आलो होतो.

दुसऱ्या वर्षी मशीन्सच्या विषयात तो टॉपिक आला. 'रोटेटिंग मॅग्नेटिक फील्ड'. पंचेचाळीस मिनिटांत बत्तीस स्लाईड झाल्या. तीन वाइंडिंग एकमेकांपासून १२० अंशांवर बसवलेली, त्यांतले तीन करंटही एकमेकांच्या मागे १२० अंशांनी. ०, ६०, १२० आणि १८० अंश अशा चार क्षणांच्या चार आकृत्या, आणि शेवटी चौकटीत उत्तर, की एकत्रित फ्लक्स हा एका फेजच्या कमाल फ्लक्सच्या दीडपट असतो आणि तो सिंक्रोनस स्पीडने फिरतो. चार पोल आणि ५० हर्ट्झ असतील तर मिनिटाला १५०० फेरे. सगळं बरोबर होतं. परीक्षेला हा प्रश्न आला आणि वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी तो व्यवस्थित लिहिला. पण स्टेटर तर जागचा हलत नाही, वाइंडिंग जागची हलत नाहीत, मग नेमकं फिरतं काय? हे विचारल्यावर आमच्या खोलीतल्या तिघांची तीन उत्तरं आली.

पुढे एका रात्री एक छोटं ॲनिमेशन पाहण्यात आलं. आवाज नव्हता, संगीत नव्हतं. तीन रंगांचे तीन बाण, प्रत्येक आपापल्या अक्षावर लहान-मोठा होणारा. कुठलाच बाण स्वतः फिरत नव्हता, नुसता वाढत होता, आक्रसत होता आणि उलटा होत होता. आणि त्या तिघांची बेरीज दाखवणारा चौथा काळा बाण मात्र लांबी जराही न बदलता घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरत होता! मी ते थांबवलं. पुन्हा चालवलं. प्रत्येक टप्प्यावर थांबवून वहीत बेरीज करून पाहिली. शून्य अंशावर पहिला बाण शून्य, उरलेले दोन ०.८६६ चे, त्यांच्यात ६० अंशांचा कोन, बेरीज बरोबर १.५. पुस्तकातल्या त्या चार आकृत्या म्हणजे या फिरण्याचे काढलेले चार फोटो आहेत, हे तेव्हा डोक्यात उतरलं. चार फोटोंमधली हालचाल मनात चालवायची असते, ती ॲनिमेशनने मला चालवून दाखवली. इथे मल्टिमीडियाला शंभरपैकी शंभर मार्क.

दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन केला. बाण वगैरे फोनवर कसे दाखवणार? म्हणून सांगितलं, "समजा, गोलात तीन माणसं उभी आहेत आणि एकामागून एक हाक मारताहेत. मधे उभा असलेला माणूस ज्याची हाक येईल त्याच्याकडे तोंड करतो. असं करता करता तो गोल फिरतो. आता त्या तिघांपैकी कुठल्याही दोघांनी जागा बदलली, तर हाकांचा क्रम उलटा होतो, आणि मधला उलटा फिरतो." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आन् तिन्ही वायरी एकेक घर पुढं सरकवल्या तर?"

हा प्रश्न कुठल्याच व्हिडिओत नव्हता. मी तिथेच बोटांवर मोजून पाहिलं. तिघेही एकेक घर सरकले तर हाकांचा क्रम तोच राहतो, म्हणजे मोटर तशीच फिरणार. तसं सांगितलं. "बरोबर. मी एकदा केलं होतं तसं, काही फरक पडला न्हाई," ते म्हणाले. माझी खरी ओरल ती झाली.

त्या फोननंतर मला दोन गोष्टी कळल्या. एक, चांगलं हलतं चित्र आठ पानांचं काम अर्ध्या मिनिटात करू शकतं. दोन, समजलं की नाही, हे चित्र बघून ठरत नाही. चित्रात नसलेला प्रश्न आल्यावर ठरतं.

मग मी याविषयी थोडं वाचायला लागलो, आणि ध्यानात आलं की यावर जगात बराच अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षं याच विषयावर प्रयोग केले आणि २००१ साली 'मल्टिमीडिया लर्निंग' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की डोळ्यांनी येणारी माहिती आणि कानांनी येणारी माहिती यांचे मेंदूत दोन वेगळे रस्ते आहेत, आणि दोन्ही अरुंद आहेत. चित्र डोळ्यांनी आणि त्याचं स्पष्टीकरण कानांनी आलं तर दोन्ही रस्ते वापरले जातात आणि चांगलं समजतं. पण चालतं चित्र दाखवताना त्याच पडद्यावर जे बोलतोय तेच शब्दशः लिहिलेलंही असलं, तर डोळ्यांच्या रस्त्यावर वाहतूक कोंडी होते. चित्र बघायचं की वाचायचं? आणखी एक मजेशीर निष्कर्ष म्हणजे, विषयाशी संबंध नसलेल्या गमतीजमती, पार्श्वसंगीत, उगाच नाचणारी अक्षरं यांनी शिकणं वाढत नाही, घटतं.

आता ज्या लेक्चरला पडद्यावर बारा ओळी असतात आणि त्या बाराही ओळी पडद्याकडे तोंड करून वाचल्या जातात, ते लेक्चर डोळ्यांसमोर आणा. आपल्याला झोप येते ती फक्त मेसच्या जेवणामुळे नसते, त्याला शास्त्रीय आधार आहे! फळ्यावर गणित सोडवणाऱ्या सरांचा एक मोठा फायदा असतो. त्यांचा हात जेवढ्या वेगाने चालतो तेवढ्याच वेगाने आपलं डोकं चालतं. स्लाईड मात्र एका क्लिकमध्ये पूर्ण डेरिव्हेशन अंगावर टाकते.

दुसरा अभ्यास हार्वर्डचा. एरिक मझूर हे तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. वर्गात जे प्रयोग करून दाखवतात, त्यांनी विद्यार्थ्यांना खरंच काही समजतं का, हे त्यांनी तपासलं. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. पण प्रयोगाआधी "काय होईल ते सांगा" असं विचारून ज्यांच्याकडून अंदाज घेतला, त्यांना जास्त समजलं होतं. किती साधी गोष्ट! दोन मिनिटं आधी अंदाज करायला लावायचा, एवढंच. आपण अंदाज केला की आपण त्या प्रयोगात अडकतो. चुकला तर "असं कसं?" हा प्रश्न आपला स्वतःचा होतो.

तिसरा अभ्यास डेरेक म्युलर यांचा. 'व्हेरिटासियम' हा विज्ञानाचा चॅनल आपल्यापैकी बरेच जण बघतात, तो सुरू करणारे हेच. त्यांनी २००८ साली सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली ती 'फिजिक्स शिकवणारे व्हिडिओ कसे असावेत' याच विषयावर. त्यांना आढळलं ते असं. न्यूटनचे नियम सरळ, स्वच्छ, नेमक्या भाषेत समजावणारा व्हिडिओ मुलांना आवडला, सोपा वाटला, पण नंतरच्या चाचणीत त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. ज्या व्हिडिओत मुलांच्या मनातल्या चुकीच्या कल्पना आधी बोलून दाखवल्या आणि मग खोडल्या, तो मुलांना अवघड आणि गोंधळाचा वाटला, पण गुण त्याने जास्त वाढले. म्हणजे 'सोपं वाटलं' आणि 'समजलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोपं वाटतं, कारण आपल्याला जे आधीच वाटत होतं तेच हा सांगतोय असा समज होतो.

विश्वास बसत नसेल तर आज रात्री विंगमध्ये एक प्रयोग करून बघा. एक रुपयाचं नाणं सरळ वर उडवा आणि विचारा, हात सुटल्यानंतर नाणं वर जात असताना अर्ध्या वाटेवर त्याच्यावर कुठकुठले फोर्स आहेत? हवेचा विरोध सोडून द्या. बारावीला फिजिक्समध्ये नव्वदच्या वर मार्क घेतलेली मंडळीसुद्धा सांगतील, "एक ग्रॅव्हिटी, आणि एक वरचा, हाताने दिलेला." वरचा फोर्स नाहीच. हात सुटला तेव्हाच तो संपला, आता फक्त गुरुत्वाकर्षण आहे. नाणं वर जातं ते त्याच्याकडे वेग आहे म्हणून. हे वाचून ज्यांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी ती पडू द्यावी. शिकणं तिथूनच सुरू होतं.

याचा अर्थ तंत्रज्ञान कुचकामी आहे, असा मुळीच नाही. कार्ल वीमन हे २००१ चे नोबेल विजेते. त्यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन फुकट आहेत, आणि पूर्वी फ्लॅश किंवा जावावर चालणारी बरीचशी आता फोनवरही चालतात. बॅटरी, दिवे, वायरी जोडून सर्किट बनवायचं त्यांचं एक सिम्युलेशन आहे. त्यात वायरीतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. खऱ्या वायरीत ते कोण बघणार? त्याच विद्यापीठात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी लॅबमध्ये खऱ्या साहित्यावर काम केलं आणि काहींनी या सिम्युलेशनवर. नंतर सगळ्यांना खरं सर्किट जोडायला दिलं, तर सिम्युलेशनवाल्यांनी ते जास्त चांगलं जोडलं आणि समजावलंही जास्त चांगलं! कारण तिथे हात चालतात. दिवा काढला तर? बॅटरी उलटी लावली तर? असं हजारदा करून बघता येतं, आणि लॅब असिस्टंट काका ओरडत नाहीत.

अर्थात सिम्युलेशनमध्ये लूज कनेक्शन नसतं. जळलेल्या रेझिस्टरचा वास येत नाही. लोड टाकल्यावर मोटरचा आवाज कसा दबतो, हे कानांनीच ऐकावं लागतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खूप जणांनी प्रॅक्टिकल पडद्यावर केली. त्यांना विचारा, परत आल्यावर पहिल्यांदा पॅनलसमोर उभं राहिल्यावर हात कसे थरथरले ते. जे डोळ्यांना दिसत नाही ते पडद्यावर बघावं, आणि जे हाताने करता येतं ते लॅबमध्ये हातानेच करावं, एवढी साधी विभागणी मला पटते.

आता एक मुद्दा जरा जवळचा. आपल्यातले कितीतरी जण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आले. फर्स्ट इयरला पहिल्या महिन्यात वर्गात जे चालतं, त्यातलं निम्मं भाषेत अडकतं. शंका असते, पण ती इंग्रजीत उभी करेपर्यंत सर पुढच्या युनिटला गेलेले असतात. अशा पोराला व्हिडिओतलं सगळ्यात मौल्यवान बटण कुठलं असेल तर ते 'पॉझ'. तिथे कुणी वळून बघत नाही. पाच वेळा तेच वाक्य ऐकलं तरी कुणी हसत नाही. आणि त्या तीन बाणांसारखं नुसतं चित्र असेल तर त्याला माध्यमच नसतं. ते इंग्रजीतही तेच आणि मराठीतही तेच.

मराठीतही काही चांगलं काम झालं आहे. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात राहून टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवली, त्यांच्या छोट्या फिल्म काढल्या आणि त्यातल्या बऱ्याच मराठीतही आणल्या. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण का वाकत नाही आणि चौकोन का वाकतो, हे ते दाखवतात. स्ट्रक्चर्सचा पहिला धडा हाच! २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे मराठी आवाजातही दिले. त्यात एक खुबी आहे, धडा शेजारी चालू ठेवून तसंच आपण करत जायचं असतं. २०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. पण मशीन्स, थर्मो, सिग्नल्स यांवर मराठीत नीट समजावलेलं किती सापडतं? शोधून बघा. मोजकंच आहे.

ही जागा आपण का भरू नये? दरवर्षी मिनी प्रोजेक्टच्या नावाखाली सीनियर्सचे रिपोर्ट नवं कव्हर लावून फिरतात. त्याऐवजी चौघांच्या ग्रुपने एक अवघड टॉपिक घ्यावा आणि पाच मिनिटांचं मराठी स्पष्टीकरण बनवावं. लागतो तो फोन आणि थोडी पायथन. 'थ्रीब्ल्यूवनब्राऊन' या गणिताच्या चॅनलवरची देखणी ॲनिमेशन ज्या 'मॅनिम' लायब्ररीत बनतात, ती फुकट आहे. पुढच्या वर्षीच्या फर्स्ट इयरला ते दाखवावं आणि तेच परीक्षक. बनवणाऱ्याचा फायदा बघणाऱ्यापेक्षा जास्त होईल, कारण तिसरा बाण कुठल्या कोनात काढायचा हे ठरवताना सगळी फसवी समज गळून पडते.

सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. स्लाईड कमी चालतील, पण एखादं ॲनिमेशन सुरू करण्याआधी एकदा थांबून आम्हाला विचारा, "काय होईल?" आम्ही चुकू, हसू, भांडू, पण झोपणार नाही. आणि डेरिव्हेशन तेवढं फळ्यावरच राहू द्या.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी तीनच सवयी. व्हिडिओ लावण्याआधी उत्तराचा अंदाज वहीत लिहा. मधे थांबवून पुढची पायरी स्वतः करून बघा. आणि संपल्यावर लॅपटॉप मिटून रूम पार्टनरला, जमलं तर आपल्या शाखेच्या बाहेरच्या कुणाला, आपल्या भाषेत समजावून सांगा. त्याने एखादा असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर व्हिडिओत नाही, तर त्याला शिव्या देऊ नका. त्याला कँटीनमध्ये चहा पाजा. एवढी चांगली परीक्षा युनिव्हर्सिटीसुद्धा घेत नाही.